साथीची पेटी

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता अहोरात्र जळत असतात. त्या चितांच्या अगदी शेजारी महाश्मशाननाथाचे देऊळ आहे, आणि वर्षातून एकदा, चैत्र शुद्ध सप्तमीच्या रात्री, त्या देवापुढे नगरवधू येऊन गातात आणि नाचतात. अंबरचा राजा मानसिंह याने देवळाचा जीर्णोद्धार केला, पण स्मशानात येऊन सेवा रुजू करण्यास एकही नामांकित कलावंत तयार होईना. तेव्हा नगरवधूंनी ती सेवा आपण होऊन पत्करली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. पुढच्या जन्मी हे जिणे वाट्याला येऊ नये, एवढेच मागणे त्या देवापाशी मागतात असे म्हणतात.

मराठी माणसाला हा घाट परका नाही. त्याच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. त्याला लागूनच बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेला शिंदे घाट आहे, ज्याच्या काठाशी एक देऊळ कलंडलेल्या स्थितीत अर्धे पाण्यात उभे असते. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका, आणि तिचा जन्मही काशीतलाच. तथापि येथे विषय इतिहासाचा नाही. तो एका अगदी व्यावहारिक प्रश्नाचा आहे. चौकाकडून घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, समोरून तिरडी आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. दोन्ही बाजूंना लाकडांच्या राशी, पायाखाली निसरड्या पायऱ्या, एका अंगाला आगीची धग आणि दुसऱ्या अंगाला गंगेवरचा ओला वारा. अशा ठिकाणी गाणाऱ्याच्या साथीला कोणते वाद्य न्यावे?

बनारसची ठुमरी, दादरा, चैती गाणाऱ्या गायिकांच्या मागे एके काळी सारंगिये कमरेला सारंगी बांधून उभ्याने साथ करीत. सारंगी हे वाद्य गळ्याच्या इतके निकट आहे की, त्याला दुसरा गळाच म्हणावे. परंतु तिच्या तीन मुख्य तारा आतड्याच्या, आणि त्यांच्याखाली तरफेच्या पस्तीस-चाळीस तारा. हवा बदलली की आतडे ताणते किंवा सैल पडते. चांगला सारंगिया मैफलीपूर्वी तास-अर्धा तास केवळ तारा मिळविण्यात घालवितो, आणि पहिले गाणे संपते न संपते तोच पुन्हा खुंट्या पिळू लागतो. पेटीला यांतले काहीही करावे लागत नाही. झाकण उघडावे, भाता हलवावा आणि बोट ठेवावे. सूर तयार असतो. शिवाय सारंगी शिकण्यास अर्धे आयुष्य जाते, पेटीवर कामचलाऊ साथ दोन वर्षांत करता येते. सारंगी हळूहळू मागे सरली याचे कारण पेटी तिच्याहून श्रेष्ठ ठरली हे नव्हे. ती सदैव हजर असते, हेच होय.

आता यात एक विलक्षण विसंगती आहे. ठुमरीचे सारे सौंदर्य मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता घसरत जाण्यात आहे; आणि पेटीला मींड मुळीच येत नाही. तिची प्रत्येक पट्टी एकच स्वर बोलते, दोन पट्ट्यांमधली जागा तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तरीही ठुमरीने पेटी स्वीकारली, आणि त्याचे श्रेय बव्हंशी ज्या एका पुरुषाकडे जाते तो पुन्हा शिंद्यांच्याच घराशी निगडित आहे. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांचे पुत्र भैया गणपतराव हे आपल्या काळचे थोर हार्मोनियमवादक. ठुमरीच्या प्रांतात त्यांची पेटी दंतकथेचा विषय झाली. बनारसच्या ठुमरीत ज्याचे नाव आजही आदराने घेतात तो मौजुद्दीन खाँ त्यांचाच शिष्य. पुढे कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी महाराष्ट्रात पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्या मुळाशीही हाच वारसा आहे. या मोठ्या वादकांनी मींडेची नक्कल करण्याच्या खटाटोपात वेळ दवडला नाही. गाणाऱ्याने जेथे मींड घ्यावी तेथे पेटीचा दाब अलगद काढून घ्यावा, स्वर जवळजवळ विरू द्यावा, आणि गळा मुक्कामाच्या स्वरावर पोचला की तेथे त्याला भेटावे, ही त्यांची रीत. गप्प राहण्याची कला म्हणूनही तिचे वर्णन करता येईल. पेटी विकत घेणाऱ्याने हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. कारण जी पेटी हळू बोलू शकत नाही आणि पटकन थांबू शकत नाही, तिच्यावर ही साथ कोणालाच करता येणार नाही, मग तिला लावलेले लाकूड कितीही उंची असो.

पेटीचे अंतरंग समजून घेतल्यावाचून निवड करणे म्हणजे बैलाचे दात न पाहता त्याच्या झुलीवरून सौदा करणे होय. पेटीच्या आत पितळेच्या लहानमोठ्या पट्ट्या बसविलेल्या असतात. त्यांना रीड म्हणतात. आपल्याकडचे कारागीर त्यांना नुसते ‘सूर’ म्हणतात. प्रत्येक सुराची एक बाजू पक्की रिव्हेट केलेली, दुसरी मोकळी असते, आणि खाली तिच्याच आकाराची फट असते. भात्यातली हवा त्या फटीतून निघताना जिभेसारखी ती पट्टी वरखाली कापू लागते आणि स्वर उमटतो. पट्टी लांब आणि जड असेल तर स्वर खालचा, आखूड आणि हलकी असेल तर वरचा. सूर चढवायचा असेल तर कारागीर तिचे मोकळे टोक किंचित खरवडतो. उतरवायचा असेल तर मुळाशी खरवडतो. खरवडलेले पितळ पुन्हा चिकटविता येत नाही, म्हणून वारंवार सुरात लावलेली पेटी आतून झिजत जाते.

लहान मुले तोंडाने वाजवितात तो माउथ ऑर्गन हा पेटीचाच सख्खा भाऊ. भात्याऐवजी तेथे फुप्फुसे काम करतात, एवढाच फरक. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी मातिआस होनर याने १८५७ मध्ये त्याचा कारखाना काढला आणि हे वाद्य जगभर पोचले. त्याच्यातही निवडीचा प्रश्न आहेच. दहा छिद्रांचा साधा नमुना एकाच पट्टीत लावलेला असतो, त्यातून सगळे कोमल-तीव्र स्वर सरळ निघत नाहीत. फुंक ओढताना स्वर वाकविण्याची हातोटी साधली तरच त्याची मजा. दुहेरी सुरांच्या नमुन्यात प्रत्येक स्वरासाठी दोन सूर किंचित बेसूर लावलेले असतात, त्यामुळे आवाजाला थरथर येते. कानाला प्रथम गोड वाटतो, रागसंगीताला निरुपयोगी. तिसरा नमुना बाजूला कळ असलेला. ती दाबली की प्रत्येक छिद्रातून अर्ध्या स्वराने चढा स्वर मिळतो, म्हणून त्यावर बाराही स्वर वाजतात. ज्याला हिंदी चित्रपटांतली गीते किंवा भावगीते वाजवायची आहेत त्याने हा तिसराच घ्यावा. १९६४ च्या ‘दोस्ती’ चित्रपटात राहुलदेव बर्मन यांनी आणि १९७५ च्या ‘शोले’मध्ये भानु गुप्त यांनी या चिमुकल्या वाद्याकडून काय काय करवून घेतले, ते सर्वांच्या कानांत आहे. परंतु माउथ ऑर्गन वाजविणाऱ्याला गाता येत नाही. साथीचा विषय तेथेच संपतो.

युरोपात आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा ते वाद्य टेबलाएवढे होते आणि त्याचा भाता पायांनी चालवावा लागे. खुर्चीवर बसून वाजविण्याचे ते वाद्य होते. आपली मैफल जमिनीवर बसते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी, ज्यांच्या ‘द्वारकिन’ या दुकानाचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत भाता पाठीमागे आणून हाताने चालणारी पेटी तयार केली. एक हात भात्यावर गुंतला म्हणून वाजवायला एकच हात उरला. पण आपल्या संगीताला एका वेळी एकच स्वर लागतो, त्यामुळे काही बिघडले नाही. मराठी रंगभूमीवर मात्र पायपेटी, म्हणजे ऑर्गन, दीर्घकाळ टिकून राहिली. ऑर्गनचा भाता हवा बाहेर न ढकलता आत ओढतो, त्यामुळे त्याचा आवाज मऊ आणि भरीव येतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागे तो आवाज ज्यांनी ध्वनिमुद्रिकांतून ऐकला आहे त्यांना त्याची ओढ का वाटते हे सांगावयास नको. पण तो घाटाच्या पायऱ्या उतरून नेण्याचे वाद्य नव्हे.

या वाद्यावर झालेला सर्वांत मोठा आघात नभोवाणीकडूनच झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९४० च्या १ मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी घातली. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेखणी चालविली होती, आणि त्याच वर्षी जानेवारीत रवींद्रनाथांनीही पत्र लिहून बंदीस पाठिंबा दिला. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे स्वतः मराठी आणि संगीताचे जाणकार. पण त्यांनीही ती उठविली नाही. १९७१ मध्ये अटी घालून ती शिथिल झाली. म्हणजे एकतीस वर्षे रेडिओवर साथ सारंगीची आणि घरोघरी, देवळोदेवळी, कीर्तनात, भजनात पेटी, असा दुहेरी संसार चालला. बंदी घालणाऱ्यांची बाजू केवळ दुराग्रहाची होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल.

त्यांच्या आक्षेपाचे मर्म आकड्यांत असे सांगता येते. षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला, तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गांधार ३०० आंदोलनांचा असतो. पेटीचा गांधार ३०२ च्या थोडा वर असतो. शुद्ध धैवत ४०० चा, तर पेटीचा ४०३ ते ४०४ च्या दरम्यान. पंचमात मात्र फरक अर्ध्या आंदोलनाहूनही कमी. म्हणून पंचम कोणालाच खटकत नाही आणि गांधार जाणत्याला तत्काळ खटकतो. याचे कारण असे की, पेटीवर सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे कोणतीही पट्टी षड्ज मानून गाता येते. पण त्याची किंमत म्हणून षड्जाखेरीज प्रत्येक स्वर थोडा इकडे किंवा तिकडे सरकतो. रोज पहाटे पेटीचा गांधार लावूनच रियाझ करणाऱ्या मुलाचा कान त्या चढ्या गांधारालाच खरा मानू लागतो, आणि पुढे तंबोऱ्याशी त्याचे जमेनासे होते. पेटीच्या निवडीत पणाला लागते ते हे. पैसे पुन्हा मिळविता येतात, एकदा वळलेला कान सहसा परत वळत नाही.

या दोषावर महाराष्ट्रातच उपाय शोधले गेले आणि शोधणारे होते सरकारी अधिकारी! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर होते, अर्नेस्ट क्लेमेंट्स हे जिल्हा न्यायाधीश. दोघांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बावीस श्रुती वाजविणारी पेटी इंग्लंडमध्ये बनवून घेतली. अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्या बाजूला होते. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र तिच्यावरून कडाक्याचा वाद झाला आणि ती प्रचारात आली नाही. कचेरीच्या कामातून वेळ काढून श्रुती मोजीत बसणाऱ्या त्या दोघा गृहस्थांविषयी कौतुकच वाटते. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. तिच्यात पट्ट्यांची संख्या न वाढविता खुंट्यांच्या साहाय्याने स्वराच्या दोन जागा मिळतात. ज्यांना एकल वादन करावयाचे आहे त्यांनी तिचा अवश्य विचार करावा.

सामान्य घरासाठी याहून सोपा मार्ग आहे. त्याला आपले वादक ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात. पेटीची एक पट्टी कायमची षड्ज ठरवावयाची आणि बाकीचे स्वर तंबोऱ्यावर कान ठेवून त्या षड्जाच्या नात्याने लावून घ्यावयाचे. अशी पेटी त्या एका पट्टीत अतिशय गोड वाजते, पण षड्ज बदलला की तिचा तोल जातो. तेव्हा पहिला प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा नसून स्वतःला विचारावयाचा आहे: या पेटीवर किती जण गाणार? घरात एकच मुलगी गात असेल आणि तिची पट्टी काळी चार ठरलेली असेल, तर काळी चारला गांधार लावलेली साधी पेटी तिला पुरेल, आणि ती पेटी तिच्यापुरती कोणत्याही महागड्या पेटीपेक्षा सरस ठरेल. मुलगा लहान असेल, आवाज फुटावयाचा असेल, तर मात्र थांबावे. त्याची पट्टी तीन वर्षांत बदलणार आहे.

याच्या उलट टोकाला स्केल-चेंजर पेटी असते. तिच्यात पट्ट्यांची सबंध चौकट सुरांवरून डावी-उजवीकडे सरकविता येते. म्हणजे वादकाची बोटे सवयीच्या पट्टीवरच चालतात, ऐकू येणारा षड्ज तेवढा बदलतो. ज्याला एका संध्याकाळी पांढरी एकच्या गवयाला आणि काळी पाचच्या गायिकेला साथ करावयाची आहे, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण हौशी माणूस ती प्रतिष्ठेसाठी घेतो, आणि मग पस्तावतो. एक तर तिचे वजन अठरा-वीस किलोंपर्यंत जाते. दुसरे, सरकती चौकट आणि सुरांची फळी यांच्यामध्ये जितके सांधे तितक्या हवा निसटण्याच्या जागा. तिसरे, आणि हे विसरले जाते, षड्ज सर्वत्र फिरवावयाचा तर सारे सूर समान अंतरावरच लावावे लागतात. गांधार ट्यूनिंग आणि स्केल-चेंजर एकत्र नांदू शकत नाहीत. जिला सर्वांची होता येते ती कोणा एकाची पुरती होत नाही. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवरून असली पेटी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या हमालाचा विचार तर करवतच नाही.

सुरांच्या संचाविषयी दुकानातून बरेच गैरसमज पसरतात. एका पट्टीला एक, दोन किंवा तीन सूर असतात: खर्जाचा, त्याहून एक सप्तक वरचा नर, आणि त्याच्याही वरचा मादी. तीन सुरांची पेटी सर्वांत उत्तम, हा सार्वत्रिक समज आहे. तीन सूर म्हणजे तिप्पट हवा. भाता सतत आणि जोराने चालवावा लागतो. हळू वाजवावे म्हटले तर तिन्ही सूर एकदम जागे होत नाहीत, खर्जाचा जड सूर मागाहून बोलतो. ठुमरीच्या साथीत जी अलगद माघार लागते ती तेथे अशक्य होऊन बसते. खर्ज-नर असा दुहेरी संच बहुतेक गायकांना योग्य. विशेषतः गायिकांना, कारण त्यांची पट्टी मुळातच उंच असल्यामुळे मादीचा सूर त्यांच्या आवाजाच्या वर जाऊन टोचतो. भजनी मंडळाला, कीर्तनकाराला, उघड्यावर गाणाऱ्याला नर-मादीचा संच बरा. टाळ-पखवाजाच्या गलबल्यातून तोच बाहेर ऐकू येतो. रियाझाला एकेरी सूर सुद्धा चालतो, किंबहुना तोच चांगला, कारण तो गाणाऱ्याला झाकून टाकीत नाही.

कप्लर नावाची एक युक्ती पुष्कळ पेट्यांत असते. तो लावला की एक पट्टी दाबताच सप्तकभर अंतरावरची दुसरीही आपोआप दाबली जाते. आवाज दुप्पट होतो आणि बोटावरचा भारही. भजनाला ठीक, इतरांनी त्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत. पट्ट्या किती असाव्यात, तर ३७ पट्ट्यांची तीन सप्तकांची पेटी गळ्याच्या साथीला पुरते. ३९ किंवा ४२ पट्ट्या एकल वादकाला हव्यात.

सूर कोठले, हे विचारणे मात्र योग्य आहे. जुन्या पेट्यांत पॅरिसचे कॅस्रिएल किंवा जर्मनीचे ज्युबिलेट सूर सापडतात, आणि जाणते वादक त्यांच्यासाठी जुनी मोडकी पेटी सुद्धा विकत घेतात. लाकूड फेकून देतात, सूर नव्या पेटीत बसवितात. आज आपल्या देशात लागणारे सूर मुख्यतः गुजरातेतील पालिताण्याला होतात. पालिताण्याच्या सुरांतही हातांनी काळजीपूर्वक घासलेले आणि घाईने ठोकलेले असा भेद आहे, आणि तो कानालाच कळतो. बांधणीच्या दृष्टीने कलकत्त्याची अनेक घड्यांच्या भात्याची पेटी, दिल्लीची घडी करून पेटाऱ्यात बसणारी पेटी आणि मुंबईची, हरिभाऊ विश्वनाथांसारख्या घरांनी नाटकवाले आणि गवई यांच्या गरजा ओळखून घडविलेली पेटी, असे तीन ठळक वळण दिसतात. मराठी गायकाला मुंबई-पुण्याच्या पेटीचा स्पर्श बहुधा अधिक मानवतो. हा पक्षपात असेल. पण येथील पेटी ज्यांच्या बोटांखाली वाढली ते गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर हे होते. मनोहर चिमोटे यांनी तर तिला ‘संवादिनी’ असे नवे नावच दिले.

पेटी दुकानात कशी तपासावी? भाता हवेने पुरता भरावा आणि एकही पट्टी न दाबता हात काढून घ्यावा. भाता अर्ध्या मिनिटाच्या आत लोळत पडला तर ती पेटी तेथेच ठेवून यावे. नंतर भात्याला अगदी जेमतेम हवा द्यावी आणि सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश दाबत जावे. प्रत्येक सूर विनंती केल्याबरोबर बोलला पाहिजे. आरडाओरड केल्यावर बोलणारा सूर कामाचा नाही. दुकानदार नेमके याच्या उलट करतो. तो भाता जोराने मारून एखादी झोकदार धून वाजवून दाखवितो, आणि जोराच्या हवेत सगळेच सूर बोलतात. त्याला नम्रपणे थांबवावे. त्यानंतर एकाच पट्टीचे दोन सूर उघडून कान द्यावा. आवाजात ‘वां-वां’ अशी लहर उठत असेल तर ते दोघे एकमेकांशी जुळलेले नाहीत. पट्ट्या बोटाने आडव्या हलवून पाहाव्यात, सोडल्यावर खटखट वाजतात का ते ऐकावे. सर्वांत शेवटी, तंबोरा सुरात लावून त्याच्याशी आपल्या पट्टीचा गांधार धरावा. तंबोरा नेणे शक्य नसेल तर सुरेल कानाच्या एखाद्या गुरुजींना बरोबर न्यावे. रंग, नक्षी आणि पितळी कड्या यांच्याकडे घरी आणल्यावर पाहिले तरी चालते.

हे सर्व कोरड्या हवेतले झाले. नदीकाठ, समुद्रकाठ आणि कोकणातला पावसाळा या तिन्ही ठिकाणी पेटीची खरी परीक्षा होते. श्रावणात गंगा मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या गिळून टाकते आणि दहनही वरच्या बाजूला न्यावे लागते. त्या दिवसांत काशीच्या घराघरांत पेटीच्या पट्ट्या फुगून चिकटतात, जसे दापोलीला किंवा मडगावला होते. ओल्या हवेत राहणाऱ्याने नीट मुरविलेल्या सागाची पेटी घ्यावी, आणि पट्ट्यांमध्ये केसभर जास्त अंतर ठेवण्यास कारागिराला आधीच सांगावे. स्केल-चेंजरच्या सरकत्या चौकटीला ही हवा सर्वांत अधिक बाधते. पितळेवर हिरवट थर चढला की सूर उतरतो. पट्ट्यांखाली आणि भात्याला चामडे असते, ते उंदरांना फार प्रिय. चिकटलेल्या पट्टीला घरचे कोणी तेल सोडतात. तसे कधीही करू नये, तेलावर धूळ बसते आणि ती सुराच्या फटीत शिरते. एखादा सूर एकाएकी मुका झाला तर बहुधा त्याच्या फटीत केस किंवा कचऱ्याचा कण अडकलेला असतो. पट्टी दाबून भाता जरा जोराने चालविला तर पुष्कळदा तो आपोआप निघतो. न निघाल्यास फळी उघडून पातळ कागदाची कड त्या फटीतून हलकेच फिरवावी; चाकू किंवा टाचणी वापरू नये, पितळेवर चरा पडला की स्वर बदलतो.

जुनी पेटी घेणाऱ्याने मालकासमक्ष वरची फळी उघडवून आत पाहावे. सुरांच्या टोकांवर आणि मुळांशी कानशीचे ओरखडे फार असतील तर तिच्यात आणखी खरवडण्यासारखे पितळ उरलेले नाही असे समजावे. भात्याच्या घड्यांच्या आत कंदील किंवा विजेची बत्ती धरून बाहेरून प्रकाशाचे ठिपके दिसतात का तेही पाहावे. आणि पेटी कोठूनही घेतली तरी ती सुरात लावून देणारा कारागीर आपल्या गावापासून किती दूर आहे, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. वर्षातून एकदा तिला त्याच्याकडे न्यावेच लागते.